शेठनी चांगलं म्हटलेलं पुस्तक

मंचरच्या पेठेतले किराणा दुकानदार मदनलाल शेठ यांना एखादं पुस्तक आवडलं, असं कधी कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दुकान मुलाच्या, बंटीच्या हाती दिल्यापासून शेठ गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकं वाचत. त्यातही दोनच जातीची: अर्थशास्त्राची आणि खून-दरोड्याची. या दोन गोष्टी कळल्या की बाकी जग आपोआप कळतं, असं त्यांचं मत. पण दोन्हीकडं त्यांच्या पदरी निराशाच पडे, आणि ती निराशा ते साखर-चहापत्ती न्यायला आलेल्या प्रत्येकाच्या गळी उतरवत.

"महागाई का वाढते, हे सांगायला तीनशे पानं घेतली," ते म्हणत, "आन् शेवटी काय, तर अनेक कारणं असतात."

खुनाच्या पुस्तकांची तर ते सालटीच काढत. "खून पहिल्या पानावर, पोलीस दीडशेव्या पानावर. तवर प्रेत काय मिठात घालून ठेवलं व्हतं?"

लोक हसत, पण ऐकतही. कारण 'ही डाळ जुनी आहे, शिजायची नाही, नेऊ नका' असं आपल्याच गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदार साऱ्या तालुक्यात दुसरा नव्हता. अशा माणसानं नाक मुरडलेलं पुस्तक नेणार कोण? वाचनालयातली दोन कपाटं धूळ खात पडली, आणि एके दिवशी ग्रंथपाल जानकू तोंड पाडून दुकानात आला.

"शेठ, तपासणीला साहेब येणारेत. पुस्तकं कुणी नेतच न्हाई म्हणल्यावर वाचनालयाचा सरकारी वर्ग खाली जाणार, अनुदान घटणार, नवी पुस्तकं बंद हुणार. एकदाच कशाला तरी चांगलं म्हणा राव."

नवी पुस्तकं बंद म्हटल्यावर शेठनी धसकाच घेतला. नावं ठेवायला तरी पुस्तक लागतंच ना. दोन दिवस खल करून त्यांनी दगडापेक्षा वीट मऊ म्हणून गुन्हेगारीच्या अर्थशास्त्रावरचा एक जाडजूड ग्रंथ निवडला. कुणीतरी त्याच्या पाच प्रती दान दिल्या होत्या, आणि त्यात दोन्ही विषय एकदमच वाया गेले होते. चोर म्हणे चोरीआधी नफा-तोटा बघतो. शेठच्या दुकानात शिरलेल्या चोरानं भरला गल्ला सोडून वजनकाटा नेला होता. तरी शेठनी भर बाजाराच्या दिवशी सांगून टाकलं, "पुस्तक चांगलं हाय. जरूर वाचा."

आतून त्यांची बायको सूरजबाई धावत आली. "अहो, छातीत दुखतंय का?" तिनं विचारलं आणि बंटीला डॉक्टरांकडं पिटाळलं. डॉक्टरांनी प्रकृती ठणठणीत असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठं लोकांची खात्री पटली की पुस्तकच तसं असणार. संध्याकाळपर्यंत पाचही प्रती गेल्या.

आठवड्याभरात त्या परत येऊ लागल्या, पण वाचनालयात नव्हे, दुकानात. पहिला आला गोरख ट्रॅक्टरवाला. त्यानं पुस्तक काट्यावर ठेवलं. "शेठ, माल खराब निघाला. दोन दुपारी गेल्या माझ्या. बदलून द्या."

आता वाया गेलेली दुपार बदलून कशी द्यायची? गिऱ्हाईक तुटू नये म्हणून बंटीनं त्याच्या हातावर किलोभर पोहे ठेवले, आणि तिथंच घात झाला. पुस्तक संपवायचं, शेठकडं तक्रार न्यायची, पोहे घेऊन घरी जायचं, ही बातमी दुपारच्या आत पेठभर झाली. शाळा सुटल्यापासून पुस्तकाला न शिवलेली माणसं नंबर लावू लागली. बंटीही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पुस्तक खरंच वाचलंय का, हे बघायला तो प्रश्न विचारू लागला, तशी वडापावच्या गाडीपाशी माणसं मागणी आणि पुरवठा पाठ करताना दिसू लागली. तपासणीचे साहेब चाट पडले. अर्थशास्त्राची एवढी भूक त्यांनी कुठंच पाहिली नव्हती. वाचनालयाचा वर्ग राहिला, वर शाबासकी मिळाली, आणि जानकू शेठना पेढे देऊन गेला.

पुढच्या बाजारी लोणी गावच्या लंकाबाई आल्या. बालवाडीतून निवृत्त झालेल्या या बाई पहिल्यापासून शेठकडूनच किराणा नेत. मालाकडं त्या बघतही नसत. शेठ चांगला म्हणाले की चांगला. ते पुस्तक त्यांनीही नेलं होतं, पण पोहे मागायला त्या आल्या नव्हत्या.

"तूरडाळ कशी हाय, शेठ?"

"नवी हाय. लगेच शिजती."

लंकाबाईंनी मान हलवली. मग पोत्यात हात घालून चार दाणे उचलले, दाढेखाली धरले आणि कटकन फोडले.

शेठच्या हातातलं माप तसंच राहिलं. एवढी शरम त्यांना जन्मात वाटली नव्हती.

"लंकाबाई, ते पुस्तक वाईट व्हतं. मी खोटं बोललो."

"ठाऊक हाय. समदं वाचलं की मी, तुमी म्हणला म्हणून."

"पण डाळ चांगली हाय."

"व्हय," पिशवी पुढं करत लंकाबाई म्हणाल्या, "आत्ता चावून बघितली ना."