आमच्या परसातला मांदार

पन्नासचं दशक सरत आलं होतं. अमरावतीला आमच्या राजापेठेत रुईकडे कोणी वळूनही पाहत नसे. नालीकाठी, पडक्या कुंपणाशी, जिथे तिथे ती उगवलेली. पाकळ्यांच्या टोकांना जांभळा रंग. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी ओरबाडायची, की थोड्याच दिवसांत पुन्हा बहरलेली. मांदारही तसाच चिकाचा, पण उंच. फुलं मोठी, पांढरीशुभ्र. तो साऱ्या मोहल्ल्यात एकच, आमच्या परसात. आईनं त्याचं रोप पातूरहून, माहेराहून आणलं होतं. माहेरचे दोन मांदार मात्र पुढे कोणीतरी मुळासकट खोदून नेले. जुन्या मांदाराच्या मुळात गणपती निघतो आणि तो देव्हाऱ्यात ठेवला की अडलेली कामं होतात, असं लोक मानत.

त्यामुळे माझा कोणावरच भरवसा नव्हता. मांदार किती वर्षांचा झाला, असं कोणी विचारलं की तो माणूस माझ्या मनातून उतरलाच. शेजारच्या काकू तर येता-जाता विचारत.

एका शनिवारी संध्याकाळी बुंध्याशी हळदकुंकू आणि अक्षता दिसल्या. मूळ काढायचं तर आदल्या संध्याकाळी झाडाला असं आमंत्रण देतात आणि दुसऱ्या दिवशी, कोणी पाहायच्या आत खोदतात.

"हे काकूचंच काम हाये," मी आईला म्हटलं. "उद्या दारातच बसून राहीन मी."

"तू नोको बसू," आई म्हणाली. "मी आहो ना."

पहाटे खणण्याचा आवाज आला. मी धावत परसात गेले, तर कुदळ आईच्याच हातात.

"काहून वं माय?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"तुह्यं लग्न दोनदा मोडलं. आता मी झाड पाहू का पोरगी पाहू?"

मला तिचा राग आला आणि माझ्या लग्नाचा त्याहून जास्त. मुळाला ना सोंड होती ना पोट. तरी तिनं ते धुऊन देव्हाऱ्यात ठेवलं.

लग्न झालं, अकोल्याला. ते मुळामुळे झालं की वडिलांनी घातलेल्या खेट्यांमुळे, याची मला अजून शंका आहे. आई पहिल्यांदा माझ्या घरी आली, ती फाटकाशीच थांबली. तिथे रुई फुलली होती. बकऱ्यासुद्धा तिला तोंड लावत नसत. आईनं पदरानं तिच्या पानावरची धूळ पुसली.

"इले राहू दे," ती म्हणाली. "इच्यात काई निंघत नाई, मनून वाचली."