माया न ठेवलेला हप्ता

गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान आहे, तिथल्या मास्तरांना सगळे ‘मायामास्तर’ म्हणतात. पुढेमागे कपडा उसवून सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, ती माया. आणि मास्तर ती इतरांच्या दुप्पट सोडतात. वर प्रवचन फुकट. मान जराशी तिरकी, ओठांत टाचणी, त्यामुळे प्रत्येक ‘स’ची शिट्टी: “साहेब, पोट विचारून वाढत नसतं. आत माया असू द्या.”

असा हा माणूस सोमवारी घराचं कर्ज घ्यायला बँकेत गेला आणि नेमकी मायाच विसरला.

नवराबायकोचं घरी पक्कं ठरलं होतं: वीस वर्षांचं कर्ज, लहान हप्ता. कारण दोन वर्षांनी बाई कारखान्यातली नोकरी सोडणार होत्या. त्यांच्या आईला आता एकटीला जमेना. तिला आणून सांभाळायचं होतं. नव्या घरात दुसरी खोली हवी होती ती तिच्यासाठीच. म्हणजे पुढे सगळा भार एका शिलाई मशिनवर.

पण सोबतीला साडू आले होते. साडू बोलतात ते थंडीत गाडी चालू करावी तसे. “हँ! आम्ही पंधरात मोकळे! वीस वर्षं म्हणजे काय मास्तर, कवळी लावून हप्ते भरणार?”

बँकेतल्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “मग किती वर्षांचं धरू?”

“दहा,” मास्तर म्हणाले.

टेबलाखाली बाईंनी त्यांचा पाय दाबला. मास्तरांनी पाय काढून घेतला.

“वीस वर्षांच्या मानाने हप्ता दीडपटीच्या जवळ जाईल हं. दोघांची कमाई चालू राहणार ना?”

“राहणार की!”

शुक्रवारी सह्या करायच्या ठरल्या. बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. भांडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी लग्न ठरलेला एक तरुण कोट शिवायला आला. “एकदम फिट पाहिजे मास्तर. आत काही ठेवू नका.”

मास्तर तोंड उघडणार, तोच कारखान्याला मंगळवारची सुट्टी म्हणून कोपऱ्यात बटणं लावत बसलेल्या बाईंनी ओठांत टाचणी धरली, मान तिरकी केली आणि थेट मास्तरांच्या शिट्टीत म्हणाल्या, “साहेब, आजचं माप आजपुरतं असतं. दिवस बदलतात. सासू राहायला येते. आत माया असू द्या.”

तरुण खो खो हसला. मास्तरही हसायला गेले, पण ‘सासू’वर हसू अडकलं. कान तापले. खडू हातातून पडला, तो शोधायला ते टेबलाखाली वाकले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिले. खोली घ्यायची म्हातारीसाठी, आणि तिच्याच लेकीला हप्त्यापायी कारखान्यात अडकवायचं. का, तर साडूची ती ‘हँ’ सोसवली नाही!

दुपारी ते एकटेच बँकेत गेले. टेबलामागे दुसरं कुणी असावं असं मनात होतं. त्याच मॅडम होत्या, आणि आवाजही तोच खणखणीत.

“वीस? अहो, काल तर दहा म्हणालात!”

रांगेतली दोन डोकी वळली.

“काल माप चुकलं,” मास्तर पुटपुटले. “साडूंचं घेतलं.”

मॅडम हसल्या नाहीत. तेच जास्त लागलं. “एकूण व्याज बरंच जास्त जाईल, कल्पना आहे ना? आणि कमाई?”

“दोन वर्षांनी माझी एकट्याचीच. काल खोटं बोललो.” मग खाली बघत, “हात मोकळा असेल तेव्हा जास्तीचे भरले, तर दंड पडतो का?”

“या कर्जाला नाही.” मॅडमनी पुन्हा आकडे घातले. “एकट्याच्या कमाईत बसतंय. जेमतेम.”

घरी आल्यावर मास्तर दारातच उभे राहिले. “वीस करून आलो.”

बाईंनी दोरा दातांनी तोडला. “आणि भावोजींना?”

“शुक्रवारी येतीलच की ते. कळेल.”

“कळेल नाही. सांगायचं. दहा त्यांना ऐकवायलाच म्हणाला होतात ना?”

मास्तरांनी फोन लावला. पलीकडे गाडी चालू झाली, “हँ! बोला मास्तर!”

मास्तरांच्या ओठांत टाचणी नव्हती, तरी ‘वीस’मधल्या ‘स’ची बारीकशी शिट्टी झालीच.