मामीचा पाय आणि नववी रेकॉर्ड

माझे मामा छापखान्यात यंत्रं दुरुस्त करतात. सकाळी दारातून आत शिरतानाच सांगतात, "तीन नंबर हळू पडतंय," आणि जाऊन बघावं तर पट्टा खरंच सैल झालेला असतो. इतके तयार कान असलेला माणूस घरी आल्यावर ऐकतो काय, तर पत्रे बडवणारा, तारा खरवडणारा आणि मधूनच घसा फाडून ओरडणारा एक रॉक बँड. लोक त्याला प्रयोगशील म्हणतात. मामी 'तुमची भांडीवाली मंडळी' म्हणते.

बावीस वर्षांत या मंडळींच्या आठ रेकॉर्डी निघाल्या. त्या कपाटाच्या मधल्या कप्प्यात असतात आणि त्यांच्यावरची धूळ मामा स्वतः पुसतात, कुणाला हात लावू देत नाहीत. पलीकडच्या खोलीत मामी पायाच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. मधे भिंत म्हणून नुसतं प्लायवूड.

आठवी येऊन नऊ वर्षं झाली. बँड संपला, असं ज्याने त्याने मामांना सांगून झालं. एकदा माझ्याच चिडवण्यावर मामा उखडले. "नववी येणार! आणि फुसकी निघाली ना, तर सगळ्या रेकॉर्डी देऊन टाकीन." मामा बोलले म्हणजे करणारच, म्हणून मी लगेच जीभ चावली. पण तोवर उशीर झाला होता.

नववी आली. काळं पाकीट, त्यावर नऊ पांढरे ठिपके. आतबाहेर कुठेही एक अक्षर नाही. गाणी फोनवरही होती, पण फोनवर ऐकणं मामांच्या हिशेबी फोटोतलं जेवण जेवणं. त्यांनी दार लावून घेतलं. तासाभराने बाहेर आले तेव्हा चेहरा पार उतरला होता.

"थकलेत गं," ते म्हणाले. "नुसते ओढतायत."

आठवडाभर त्यांनी ती रोज ऐकली. इकडे माझ्या फोनवर जगभरचे चाहते आनंदाने नाचत होते. मामांना वाटलं, सगळे जुन्या मायेपोटी खोटं बोलतायत. रविवारी त्यांनी परीक्षण लिहायला घेतलं. दर रेकॉर्डनंतर ते लिहितात आणि मी ते टाइप करून चाहत्यांच्या पानावर टाकते. पहिलंच वाक्य होतं, 'माझा बँड वारला.' मग त्यांनी जुन्या रेकॉर्डींच्या दुकानदाराला फोन केला. तो पाच वाजता खोकी घेऊन येणार होता. मी जन्मभर या माणसाची टर उडवली, पण तो रिकामा कप्पा डोळ्यांपुढे आला आणि मला रडूच फुटलं.

चार वाजता मामांनी शेवटचं एकदा म्हणून नववी लावली. पलीकडे मशीन सुरू झालं आणि थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मग मामी अर्धी शिवलेली कॉलर हातात घेऊन दारात आली.

"अहो, हे बिघडलंय."

"बँडच बिघडलाय, काय करणार."

"बँड नाही हो, तुमचं यंत्र. आठवडाभर माझा पाय अडखळतोय. त्या ढोलवाल्याच्या ठेक्यावर बावीस वर्षं मशीन मारतेय मी. त्याचा हात इतका जड नाही. आणि ओरडणाऱ्याचा आवाज पातळ आहे, हा कोण रेडा आणलाय?"

"अगं, माणसं म्हातारी होतात."

"हात, गळा, तारा, सगळं एकाच मापाने म्हातारं होतं का?"

मामा खाली वाकले. रेकॉर्ड प्लेअरच्या कडेला वेगाचा एक खटका असतो, एका बाजूला मिनिटाला तेहेतीस फेऱ्या आणि दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस. आधीच्या आठही तेहेतीसच्या, त्यामुळे त्या खटक्याला बावीस वर्षांत बोट लागलं नव्हतं. नववी कितीची, हे पाकिटावर लिहायची तसदी भांडीवाल्या मंडळींनी घेतली नव्हती.

मामांनी खटका सरकवला.

बाप रे! पत्रे कडाडले. तारा अशा सणसणल्या की कपाटाच्या काचा थरथरल्या. ढोलवाला पिसाटासारखा सुटला होता आणि त्याच्यावर तो पातळ, चिरका, ओळखीचा आवाज चढत चढत गेला. चौथ्या गाण्यात सगळे एकदम थांबले. मी श्वास रोखला. मग सगळे एकाच ठोक्यावर परत कोसळले. मला आजवर या संगीतातलं ओ की ठो कळलं नव्हतं, तरी मी उभी राहिले होते. मामा कपाळावर हात मारून घेत हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "यंत्रं दुरुस्त करतो म्हणे मी!" ते ओरडले. "आहेत गं, आहेत अजून!"

मामी केव्हाच आत निघून गेली होती. पलीकडे मशीन भरधाव चाललं होतं.

पाचला दुकानदार आला. मामांनी त्याची रिकामी खोकी दाराबाहेर ठेवली आणि त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. बिचाऱ्याला दोन्ही बाजू पूर्ण ऐकाव्या लागल्या.

संध्याकाळी नवं परीक्षण माझ्या हातात पडलं. पहिलं वाक्य होतं, 'माझा बँड जिवंत आहे, आणि हे माझ्याआधी माझ्या बायकोच्या पायाला कळलं.' मी ते मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती मान वर न करता म्हणाली, "मला आवडतं असं काही नाही हं. कॉलरी वेळेत होतात, एवढंच." आणि पुढची कॉलर सुईखाली सरकवत म्हणाली, "ते चौथं पुन्हा लावायला सांग."