चित्रावर खरडलेली अकरा कार्डं

मार्गशीर्षातला दुसरा रविवार. खालापूरजवळच्या गावच्या घरी मी, थोरला भाऊ आणि आई, एवढेच हजर होतो. वाटायची होती बावीस जुनी चित्रांची पोस्टकार्डं. कर्जतला दुकान चालवणाऱ्या दादाने प्रत्येकी तीनशे भाव धरला. एकूण सहा हजार सहाशे.

आमचे पणजोबा माथेरानला एका हॉटेलात कामाला होते. गोरे पाहुणे निघून गेल्यावर त्यांच्या नावाची कार्डं यायची. मॅनेजर ती पणजोबांना देऊन टाकायचा. बोटी, बंगले, हंडे घेतलेल्या बायका. पणजोबांना वाचता येत नव्हतं. चित्रांसाठीच त्यांनी ती पत्र्याच्या डब्यात जपली.

वाटणीची आमची रीत ठरलेली आहे. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचं. भातशेती अशीच वाटली गेली. पाणी आधी कुठल्या तुकड्याला पोचतं, हे तेव्हा दादाने मला आपणहून सांगितलं होतं. म्हणून या वेळी मी काही विचारलं नाही.

त्याने अकरा-अकराचे दोन वाटे पाडले. एकात स्वच्छ कार्डं, चित्राला धक्का नाही, मजकूर मागे. दुसऱ्यात शाईने चित्रावरच खरडलेली, कुणी आभाळात लिहिलेलं, कुणी कडेने. मी स्वच्छ उचलली. मनात थोडी लाजही वाटली, की दादाला खराब माल गेला.

महिन्याभराने मी ती मोहोपाड्याला, आमच्याच कॉलनीत राहणाऱ्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना दाखवली. त्यांनी कार्ड उलटं करून मधल्या रेघेवर बोट ठेवलं. ही रेघ नंतर आली, म्हणाले. सुरुवातीला मागची अख्खी बाजू फक्त पत्त्याची असे. चार शब्द लिहायचे तर चित्राच्याच बाजूला लिहावे लागत. तशी कार्डं जास्त जुनी, आणि जमवणारे त्यांनाच जास्त पैसे देतात.

त्याच आठवड्यातल्या रविवारी दादा गावी आईला भेटायला येणार होता. मीही गेलो.

"दादा, तुला ठाऊक होतं?"

"व्हतं. माथेरानच्या एका हॉटेलवाल्यानं आधीच सांगितलेलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस का? वाटे मी पाडले, उचललं तू. तुझ्या हातानं उचललंस रं."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता दादाला म्हणाली, "शेताच्या वक्ताला त्यानं तरी कुठं इचारलं व्हतं?"

दादा उठून पायात चपला घालू लागला.

त्याची अकरा कार्डं तोवर प्रत्येकी बाराशेला गेली होती. तेरा हजार दोनशे. माझी तीनशेनेच धरली तरी समान वाटणीसाठी त्याच्याकडून मला चार हजार नऊशे पन्नास यायला हवे होते. हा हिशेब मी मनात केला, त्याला सांगितला नाही. मला पैसे नको होते. चुकलो, एवढं त्याने म्हणायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात त्याने पाच हजार दिले. मला नाही, आईच्या हातात, तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. तो खर्च आम्ही दोघांनी निम्मा-निम्मा करायचा, हे दिवाळीतच ठरलं होतं. त्याचा निम्मा हिस्सा पाच हजारच होता.