अर्धी खोली शेवंतीची

दिवा गावच्या पंढरीला लोक शेठ म्हणायचे, ते भाड्याने दिलेल्या एका खोलीच्या जोरावर. कंपनीतून निवृत्त झालेला हा माणूस घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नसे. तो सरकारला सुखासुखी कर कसा देणार? गेला कल्याणला, कर सल्लागार मैथिलीबाईंकडे.

त्यांनी घराचे कागद चाळले. "काका, घर तुमच्या आणि बहिणीच्या नावावर आहे, मग सगळं भाडं एकट्याच्या नावावर का दाखवता? दुरुस्तीपोटी तीस टक्के सूट मिळतेच. उरलेलं दोघांत अर्धं अर्धं दाखवा. बहिणीला दुसरं उत्पन्न नाही, तिला कर लागणार नाही आणि तुमचाही कमी होईल. फक्त तिचा वाटा तिच्या खात्यात गेला पाहिजे."

पंढरीला बहिणीचं जुनं बोलणं आठवलं. बाप गेल्यावर तेराव्याला शेवंती भरल्या घरात म्हणाली होती, "मना हिस्सा नको दादा. माजी खोली तेवढी ठेव." बहिणीने भावाकडे हिस्सा मागायचा नाही, ही रीत. पंढरीने तिचं अर्धंच बोलणं लक्षात ठेवलं. हक्कसोडीचा कागद करायचा राहून गेला, म्हणून घरावर तिचंही नाव राहिलं. खोलीला मात्र रस्त्याकडून दार पाडून त्याने भाडेकरू ठेवला.

काय खोली होती ती! मिठागरावरून आलेल्या बापाच्या भेगाळलेल्या पायांना दोघं तिथेच तेल चोळत बसायची. शेवंतीची दोन्ही बाळंतपणं तिथेच झाली. शेगडीवरच्या ओव्याचा वास महिनाभर हटत नसे. आता ती भाऊबीजेला यायची, ओवाळायची आणि दिवस मावळायच्या आत निघायची. हिला घाई कसली असते, असं पंढरी दरवर्षी म्हणायचा. आज त्याला त्या बोलण्याची लाज वाटली.

तसाच तो आंबिवलीला बहिणीकडे गेला. शेवंतीने चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि डब्यातलं पॅन कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवलं.

"घे. पन दादा, कागदावर अर्धी खोली माजी हाय ना?"

"हाय गं. अर्धं भाडं पन तुलाच मिलंल."

"भाडं तूच घे रं. मना भाऊबीजंला दोन रोज ऱ्हावाला मिलंल का तिथं?"

पंढरीने कार्ड तिच्या हातात परत दिलं. "भाडेकरूची मुदत दसऱ्याला संपते. मंग खोली तुजी."

"आन् तुजा टॅक्स?"

"भाडंच नाय, तर टॅक्स कसला गं?"