काळीने दिलेले पाच

सायवनची काळी हायवेलगतच्या एका दवाखान्यात सोळा वर्षं आया होती. घाण तिनेच उपसायची, बोलणी तिनेच खायची, आणि चहा मात्र बाहेरच्या बाकड्यावर प्यायचा.

पुण्याच्या प्राध्यापकबाई कर्मचाऱ्यांचे अनुभव विचारायला आल्या. "नाव नको, प्रत्येक प्रश्नाला फक्त एक ते पाचमधला आकडा द्या," म्हणाल्या आणि गेल्या चहाला. काळीची मुलगी योगिता शाळेत पहिली यायची, म्हणजे एक सगळ्यात चांगला, पाच सगळ्यात वाईट. डॉक्टर मानाने वागवतात? पाच. सिस्टर मदतीला येतात? पाच! पेन असं दाबलं की कागद फाटला. दुसऱ्या वॉर्डची आया दक्षा, तिलाही काळीनेच पाच लिहायला लावले.

दोन महिन्यांनी बाईंनी सगळ्यांसमोर निकाल वाचला. "पाच म्हणजे उत्तम. तुमच्या आया सर्वांत समाधानी!"

टाळ्या पडल्या. डॉक्टर हसले. "म्हणजे कामाचा ताण नाहीच. मग दोन्ही वॉर्डांना एकच आया पुरे. दक्षा, उद्यापासून येऊ नकोस."

"मावशी, तू सांग ना यांना!" दक्षा रडत म्हणाली.

त्या पाचांचा खरा अर्थ सांगायचा, तर सोळा वर्षांचा राग डॉक्टरांच्या तोंडावर कबूल करावा लागणार होता. काळीने दक्षाच्या हातातून दुसऱ्या वॉर्डची बादली काढून घेतली.