कमांड आणि कमांडो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — कारण ज्याच्याबद्दल आहे तो तिचा धाकटा भाऊ, दत्तू.

मी फौजेत कारकून होतो. तेव्हा नवी कमांड उभी राहत होती. कमांड म्हणजे अख्ख्या एका प्रदेशातल्या फौजेचं मुख्यालय. कुठली तुकडी कुठे हलवायची, रसद कशी पोचवायची, सगळं तिथून ठरतं. रिकाम्या बराकीत टेबलं मांडली तेव्हापासून मी तिथे. सुट्टीत कोल्हारला आलो आणि म्हणालो, "कमांडमध्ये असतो." गावानं ऐकलं — कमांडो.

झेंडावंदनाला बोलावलं, हार घातला. बायको मिरवायला लागली. एक काना नि एक मात्रा, तेवढंच दुरुस्त करायचं होतं. का नाही केलं? गोड वाटलं, दुसरं काय!

माझं बघून दत्तू भरती झाला. तो आमच्याच कमांडच्या हद्दीत, सुरुंग पेरणाऱ्या तुकडीत. त्याला शंका आली असेलही, पण "गुप्त काम आहे" म्हटलं की तो पुढे विचारत नसे. एका सुट्टीत प्रवरेच्या घाटावर बसलो होतो. खाली बघत तो म्हणाला, "दाजी, हात लई थरथरत्यात माझे. स्टोरमधी बदली मागू का?"

मागायलाच हवी होती. सुरुंगाच्या अपघातांचे अहवाल मीच तर टाइप करायचो — थरथरत्या हातांनी काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण कमांडोनं असं कसं सांगायचं? मी हसलो. म्हणालो, "कारकुनी करायला गेलास व्हय फौजेत?"

तो लाजला. त्यानं बदली मागितली नाही.

तीन महिन्यांनी अहवाल माझ्याच टेबलावर आला. डावा पाय, गुडघ्याखाली. त्यात दत्तूचं नाव चुकीचं लिहिलं होतं. ते मात्र मी दुरुस्त केलं — आणि टाइप करून पुढे पाठवलं.

मला माझी किळस येते.

आता आम्ही दोघंही निवृत्त. तो सावेडीला आमच्याकडे येतो, खोटा पाय काढून कोचाला टेकवून ठेवतो. काल शेजारी आले होते. दत्तू त्यांना कौतुकानं सांगत होता, "आमचे दाजी कमांडो हुते."

मी कालही दुरुस्त केलं नाही.